हायड्रा ‘१४ टनी’, पण किती अंतरावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंगल्याच्या आवारात फायबरचा तयार तलाव किंवा जकूझी बसवायची ठरली की मालक वजन विचारतो. ‘टनाच्या आतबाहेर, आपली हायड्रा १४ टनी आहे,’ असे उत्तर क्रेनवाल्याकडून मिळते आणि सौदा ठरतो. हायड्रा म्हणजे माल उचलून तो घेऊन चालणारी क्रेन. पण १४ टन ही क्षमता बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आखडलेली आणि हुक गाडीच्या अगदी पुढ्यात असतानाची. हुक ८-१० मीटर लांब गेला की तीच हायड्रा जेमतेम दीड-दोन टन पेलते. वजन घेऊन वळताना त्याहूनही कमी. म्हणून अंतर टेपने मोजावे आणि लोड चार्टवर (कोणत्या अंतरावर किती वजन पेलते याच्या तक्त्यावर) त्याच अंतरापुढचा आकडा पाहावा. चार्ट नसेल तर गाडी परत पाठवावी. घरावरून पलीकडे माल ठेवायचा असेल तर हायड्राचा विचारच नको, जमिनीवर टेकणारे जॅक (आधाराचे पाय) असलेली क्रेन आणावी. भाडे जास्त पडते, पण इलाज नाही.

वजनही फसवते. पावसात उघड्या ठेवलेल्या ६ बाय ३ मीटरच्या शेलमध्ये (तलावाच्या तयार फायबरच्या भांड्यात) अवघे ५ सेंटिमीटर पाणी साठले तरी ९०० किलो वाढतात आणि उचलताना ते एका कडेला धावते. पाणी आधी काढावे. माल उचलणारे दोन पट्टे जमिनीशी ३० अंशांवर आले तर प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका ताण येतो, शेलच्या कडाही आत दाबून चिरतात. कोन ६० अंशांच्या वर हवा, नाहीतर स्प्रेडर बीम (पट्टे फाकवून धरणारा आडवा दांडा) लावावा. रिकामा शेल शिडासारखा वारा धरतो. तो आवरायला दोन्ही टोकांना दोर हवेत आणि खाली कोणी नको.

सर्वांत दुर्लक्षित बाब जमिनीची. आपल्याकडची काळी माती ओली झाली की जॅक सरळ आत जातो. खाली जाड लाकडी स्लीपर टाकावेत. तलावाच्या खड्ड्याच्या काठापासून जॅक खोलीच्या दुप्पट दूर ठेवावा. दीड मीटर खड्ड्याला तीन मीटर. फाटकाजवळ पाण्याची किंवा सेप्टिक टाकी पुरलेली असते, तिच्या स्लॅबवर क्रेन चढवू नये.

गल्लीत ११ केव्हीची तार असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा. तसे नसेल तर बूम, पट्टे वा माल तारेच्या तीन मीटरच्या आत जाऊ देऊ नये. बूम तारेला लागलीच तर चालकाने केबिनमध्येच थांबावे आणि इतरांनी क्रेनला, मालाला वा दोराला हात लावू नये.

रस्ता अडवून क्रेन लावण्याची परवानगी देताना महापालिकेने लोड चार्ट, क्रेनच्या तपासणीचा चालू दाखला आणि चालकाचा परवाना अर्जासोबत मागावा, ही विनंती.

– क्रेन व रिगिंगच्या कामातील काही तंत्रज्ञ, नाशिक