कपडेपटातून पत्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की चित्रकाराच्या हाती स्टेज दिलं की नट हरवतो. इथे लंडनला कपडेपटात काम करताना मलाही तसं वाटायला लागलंय, पण ते कपड्यांच्या बाबतीत. स्टेजच्या मागच्या रंगवलेल्या पडद्यावर काय वाटेल ते चालतं. १९३९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'बाखानाल' हा बॅले झाला, नेपथ्य चित्रकार साल्व्हादोर दालीचं. मागे भलामोठा हंस, छातीला भगदाड, आणि त्यातून नर्तक बाहेर यायचे! तो हंस कुणाला अंगात घालायचा नव्हता, म्हणून निभावलं.

कुर्ट सेलिगमानचं तसं झालं नाही. हा स्विस सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखी अजब चित्रं काढणाऱ्यांपैकी. १९४६ मध्ये त्यानं नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनच्या 'द फोर टेम्परामेंट्स'चे कपडे केले. कागदावर भन्नाट, पण त्या पसाऱ्याखाली नाचच दिसेना. १९५१ मध्ये बॅलन्शीननं ते सरळ काढून टाकले. तेव्हापासून हा बॅले तालमीच्या साध्या कपड्यांत होतो. चित्रकार नावाजलेला म्हणून बॅलन्शीन गप्प बसला नाही, हे मला फार आवडतं.

जॉर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराला मात्र जमलं. (सर्रिअलिस्टांनी आधी त्याला डोक्यावर घेतलं, मग त्याच्याशी भांडले, ते सोडा.) दियागिलेवच्या बॅले कंपनीच्या 'ल बाल'मध्ये (म्हणजे नाचाची मेजवानी), १९२९ साली, त्यानं पाहुण्यांच्या अंगावर विटा आणि खांब चढवले. जुनी इमारतच नाचायला आल्यासारखी! पण बांधकाम सगळं कापडावर आणि रंगात, खाली कोट-पँटच.

आई, हे तुझ्यासाठी. 'बाखानाल'चे कपडे शनेलनं पॅरिसमध्ये केले होते. युद्ध पेटलं आणि ते वेळेवर अमेरिकेत पोचले नाहीत. मग बार्बारा कारिन्स्का या कपडे शिवणाऱ्या बाईनं घाईघाईनं नवे शिवून घेतले. लोकांच्या लक्षात राहिला दाली. बाबा, तुमच्या स्पर्धेच्या नाटकांत कपडे आईच शिवायची ना? श्रेयनामावलीत तिचं नाव कधी आलं होतं का हो?

आई, त्या राजाच्या अंगरख्याची कॉलर शेवटच्या अंकापर्यंत ताठ राहायची. आत नुसतं बुकरम होतं की दुहेरी कॅनव्हास? माझ्याकडच्या एका कोटाची कॉलर मध्यंतरातच मान टाकते. रविवारी फोन करते तेव्हा सांग.

तुमची,
मनू