मांडवीच्या वाऱ्यावर कोणते रीळ?

रत्नागिरी,
दि. १२ नोव्हेंबर

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. डिसेंबरात आठ दिवस इकडे येऊन गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, बेत तू पक्का केलास, याचा फार आनंद झाला. गरीच्या काठीला दोरी गुंडाळायचे रीळ बेटकास्टर जातीचे घ्यावे की स्पिनिंग, असे विचारले आहेस खरे; पण दुकानात बेटकास्टर हाताळल्यापासून तुझे मन तिकडेच ओढ घेते आहे, हे माझ्या लक्षात आले आहे. तरीही माझे मत विचारशील, तर स्पिनिंगच घे.

मीही चार वर्षांपूर्वी बेटकास्टरच्या देखणेपणाला भुललो होतो. ते घेऊन पहिल्याच संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गेलो. समुद्राकडून भरारा वारा येत होता आणि दोरीला जेमतेम बारा ग्रॅमचा लूर, म्हणजे नकली आमिष, होते. तिसऱ्या फेकीला रिळातून घर्रकन आवाज आला, लूर वीस हातांवर पाण्यात पडला आणि रिळावर दोरीचे असे पुंजके उसळले की टोक कुठले आणि वेढा कुठला ते कळेना. टाचणीने एकेक वेढा उकलत पाऊण तास बसलो, अंधार पडला, आणि शेवटी साठेक मीटर नवी कोरी दोरी चाकूने कापून टाकली. शेजारी एक म्हातारबाबा काठी-बिठी काही न घेता नुसता तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, हाताने फेकत होते. त्यांच्या पिशवीत तोवर तीन मासे पडले होते.

असे का होते, ते समजून घे. बेटकास्टरमध्ये फेकीबरोबर स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेले चाक, स्वतः गरगर फिरते आणि त्यावरून दोरी सुटत जाते. समोरून वारा आला की लूर हवेतच मंदावतो, पण स्पूल आपल्याच वेगात दोरी सोडत राहते. बाहेर जायला वाव नसलेली ती दोरी मग जागच्या जागी फुगते. चुंबकाचे किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असतात, पण खरा ब्रेक म्हणजे आपला अंगठा, आणि तो तयार व्हायला महिने लागतात. स्पिनिंग रिळाचे स्पूल फेकताना हलतच नाही, दोरी त्याच्या काठावरून वेढ्यावेढ्याने सुटते. अशा स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट १९०५ साली इंग्लंडच्या अल्फ्रेड इलिंगवर्थने घेतले. तो लोकरीच्या गिरणीवाल्यांच्या घरातला, आणि ही युक्ती त्याला गिरणीतल्या बॉबिनवरून सुचली असे सांगतात. तुझ्या वडिलांनी परळच्या गिरणीत अख्खी हयात काढली, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मात्र बेटकास्टरला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. भाट्याच्या खाडीत, पुलाच्या वरच्या अंगाला कांदळवनातून होडी नेली की मी तेच काढतो. तिथे वारा अडलेला असतो, फेक पंधरा-वीस मीटरांचीच असते आणि लूर मुळांपासून वीतभर अंतरावर पडावा लागतो. अंगठ्याने दोरी अलगद दाबून तो हवा तिथे उतरवता येतो. जिताडा मासा गळाला लागताच मुळांत घुसतो, त्या मुळांवरच्या कालवांच्या धारेने दोरी क्षणात कापली जाते, आणि अशा वेळी त्याला तिथल्या तिथे रोखायला त्या रिळाची सरळ ओढ फार उपयोगी पडते. पण तुला बसायचे आहे खडकावर, वाऱ्याच्या तोंडावर.

तेव्हा ४००० किंवा ५००० आकाराचे स्पिनिंग रीळ घे आणि साधारण नऊ फुटांचा, तीस-चाळीस ग्रॅम पेलणारा रॉड घे. रॉड स्पिनिंगचाच हवा, कारण त्याची पहिली कडी मोठी असते आणि रीळ खाली लटकते. रीळ फिरवायचा दांडा डावीकडे लावावा की उजवीकडे, याची चिंता नको. तो बदलता येतो. बेटकास्टरला मात्र ते विकत घेतानाच ठरवावे लागते. ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळातला अडसर, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवायचा. घरी आल्यावर तो घट्ट आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यायचा, रीळ बादलीत बुडवायचे नाही, आणि सुकल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवायचा.

दोरी मात्र दुकानात भरून घेऊ नकोस. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, सरळ स्पूलवर बांधली तर सगळी गुंडाळीच घसरून फिरते. आधी खाली थोडा तंगूस भरावा लागतो. ते आपण इथे ओटीवर बसून करू. एकाने रीळ फिरवायचे आणि दुसऱ्याने ओल्या फडक्यात दोरी ताणून धरायची.

वहिनींना नमस्कार सांग. गाडी कोणती ते कळव.

तुझा,
सदा