तक्त्यात एक रकाना वाढवा

प्रति,
माननीय मंत्री,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी पेडण्यातल्या मांद्र्याचा. उमेदीची वर्षं अरबी समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगांवर मड केमिस्ट म्हणून काढली. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. २०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिण गोव्यातल्या बेतुलला इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जा मेळावा भरला, तेव्हापासून आम्हा जुन्या रिगवाल्यांच्या गप्पांत ‘नॅनो’, म्हणजे केसाहून हजारो पट बारीक कण तेलविहिरींत वापरायचं तंत्र, फार येतं. हे पत्र त्याबद्दलच आहे. मला ते हवंय, हे आधीच सांगून टाकतो.

का हवंय, तर एका अडकलेल्या पाइपापायी. विहीर खोदताना आत जो मड, म्हणजे चिखलासारखा द्रव, फिरवतात, त्यातलं पाणी खडकात किती मुरेल हे आम्ही रोज तपासायचो. गाळणकागदावर मड ओतायचा, १०० पीएसआय दाब द्यायचा आणि ३० मिनिटांत खाली किती मिली पाणी गळलं ते लिहायचं. कागदावर उरलेला थर बोटाने चाचपायचा. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ आणि चिवट लागला की रात्री झोप यायची. एका विहिरीत हा आकडा देखणा येत होता, तरी शेलच्या, म्हणजे चिकणमातीच्या ठिसूळ खडकाच्या, पट्ट्यात भिंत ढासळली आणि पाइप अडकला. सोडवण्यात तीन दिवस गेले. बोलणी मी खाल्ली.

पुढे वाचनातून उलगडा झाला. गाळणकागदाची भोकं मायक्रॉनची, शेलची बहुधा नॅनोमीटरांतली, म्हणजे शेकडोपट बारीक. मडमधल्या बेंटोनाइट मातीचा कण तिथे उंदराच्या बिळाशी हत्ती. २० नॅनोमीटरचा सिलिकाचा कण मात्र त्या भोकात बुचासारखा बसतो आणि खडकात शिरणारं पाणी कमी होतं. परदेशी प्रयोगशाळांत हे दिसून आलं आहे. मला तेव्हा अशी दोन पिंपं मिळाली असती तर!

खरी आशा मात्र जुन्या क्षेत्रांकडून आहे. मुंबई हायमध्ये तेल १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. जगभरचा अनुभव असा, की आपसूक येणारं तेल आणि पाणी दाबून काढलेलं तेल धरूनही साधारण तिसरा हिस्साच हाती लागतो. बाकीचं खडकाला चिकटून राहतं. चुनखडीत तर जास्तच, कारण तिला बहुधा तेलाची ओढ असते. तेल लावलेल्या तव्यावरून पाणी घसरतं तसं आत दाबलेलं पाणी वरवरून निघून जातं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत नॅनोकण खडकाचा हा स्वभाव पालटतात, पृष्ठभाग पाण्याकडे वळवतात आणि तेल सुटतं. ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्या देशाला यातली थोडीशी टक्केवारीसुद्धा मोठी. वाळूतून तेल गाळायची गोष्ट शाळेत ऐकली होती. सिलिका म्हणजे वाळूच, तेव्हा मास्तर अगदीच चुकीचं सांगत नव्हते.

आता घोडं कुठे अडतं ते. या प्रयोगांचे बरेचसे देखणे आकडे बेरिआ नावाच्या अमेरिकी वालुकाश्मावरचे आहेत, आणि मुंबई हायचा खडक चुनखडीचा. सिलिकाच्या कणावर ऋण भार असतो, समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या चुनखडीवर बहुधा धन. कण आत जातानाच चिकटून बसायची भीती. त्यात मीठ. मी घरी एक पोरखेळ केला. साध्या सिलिका सोलचे (पाण्यात मिसळलेल्या सिलिकाच्या नॅनोकणांचे) थोडे थेंब एका बाटलीत विहिरीच्या पाण्यात टाकले, दुसरीत मांद्र्याच्या समुद्राच्या. विहिरीची बाटली नितळ राहिली. समुद्राची दुसऱ्या दिवशी दुधाळ झाली आणि चार दिवसांत तळाशी साका बसला. कणांना पॉलिमरचा मुलामा दिला तर ते खाऱ्या पाण्यातही तग धरतात, पण मग भाव चढतो. म्हणून पहिली विनंती: चाचण्या मुंबई हायच्याच खडकाच्या नळकांड्यांवर, तिथल्याच पाण्याने, तिथल्याच तापमानाला व्हाव्यात, आणि फसलेल्या चाचण्यांचे आकडेही लोकांसमोर ठेवावेत.

दुसरी विनंती हेच माझं खरं गाऱ्हाणं. आत घातलेले कण कधीतरी तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यातून वर येणार, आणि ते पाणी प्रक्रिया करून समुद्रात सोडतात. त्यात तेल लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत हवं हा दंडक आम्हाला पाठ होता. त्या पाण्याच्या नोंदींच्या तक्त्यात तेलाचा रकाना होता. कणांचा नव्हता, तेव्हा गरजही नव्हती.

मुंबई हाय गोव्यापासून खूप लांब, हे मला कळतं. पण पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. मे-जूनमध्ये आमच्या वाळूत डांबराचे गोळे येतात आणि आम्ही घराच्या पायरीवर बसून रॉकेलने तळवे घासतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले, तेव्हा काहींचे मुंबई हायच्या तेलाशी जुळले, काहींचे टँकरच्या धुवणाशी. गोळा निदान डोळ्यांना दिसतो. नॅनोकण दिसणार नाही, आणि आमचे तिसऱ्या, खुबे हे शिंपले पाणी गाळूनच जगतात. कण त्यांना बाधतीलच असं माझं म्हणणं नाही. पण आधी मोजा तरी.

मोजायचं कसं, ही अडचण खरी आहे. वर आलेल्या पाण्यात मुळातच सिलिका असते. त्यातली आपली कुठली आणि खडकाची कुठली? यावर उपाय सौदी अरेबियात दिसला. २०१० मध्ये त्यांनी घवार क्षेत्रातल्या एका विहिरीत चमकणारे कार्बनचे नॅनोकण दाबले, परत काढले आणि प्रकाशात तपासून मोजले. बहुतेक परत मिळाले. तोही खडक चुनखडीचाच, शिवाय गरम आणि खारट. तेव्हा आपल्या पहिल्या विहिरीत खूण लावलेलेच कण जावेत, किती घातले आणि किती परत आले याचा हिशेब रोज लिहिला जावा, आणि तो तपासायचं काम कण विकणाऱ्याकडे नसावं. दोनापावलाला माणसंही आहेत, उपकरणंही.

जाता जाता एक. रिगच्या सॅक रूममध्ये पोती फोडून हॉपरमध्ये ओतणाऱ्या पोरांच्या भुवया बराईटने, म्हणजे मड जड करायच्या भुकटीने, पांढऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. मास्क गळ्यात लोंबत असायचा. नॅनोसिलिका कोरड्या भुकटीच्या पोत्यांतून घेऊ नका, पाण्यात मिसळलेलीच पिंपांतून घ्या. बेतुलला सुरक्षेचं शिक्षण देणारी संस्था आहेच, तिथल्या वर्गात हे आत्ताच शिकवायला लागा.

बाकी तक्त्याचं म्हणाल, तर तेलाच्या रकान्याशेजारी जागा आहे. तारीख, घातलेले कण, परत आलेले कण, सही.

आपला,
एक निवृत्त मड केमिस्ट
मांद्रे, पेडणे, गोवा