काकूंच्या सुयांबद्दल

मुलुंड, मुंबई

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

काकू घरी आल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. हात-पाय सुधारतायत, पण गॅस चालूच राहतो, बोलता बोलता विषय सुटतो, हे तू लिहिलंस ते आम्हाला ओळखीचं आहे. त्यासाठी ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याचा चिनी उपचार, करावा का असं विचारलंस, त्याचंही सांगतो. अर्धांगवायू झाला की येणारा-जाणारा पाय किती उचलतो ते विचारतो, डोक्याचं कोणी विचारत नाही.

आमच्या वडिलांचा, अण्णांचा, झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा, त्यामुळे डावीकडचं त्यांच्या लक्षातच यायचं नाही. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं. जन्मभर बेस्टमध्ये कंडक्टर असलेल्या माणसाने बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले! घरी ताटातली उजवीकडची भाजी संपायची, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच. वर आईलाच विचारायचे, ‘‘आज कोशिंबीर नाही का गं?’’ आई आधी चिडायची, मग बोट धरून त्यांचा हात डावीकडे न्यायला लागली.

आता सुयांचं. अण्णांना ॲक्युपंक्चर दिलं ते फिजिओथेरपी आणि गोळ्या चालू ठेवूनच. टाळूच्या मध्यावर एक बिंदू असतो, चिनी नाव बाईहुई. विसराळूपणासाठी तो जवळपास सगळेच वापरतात. केसाएवढी बारीक सुई, वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. कधी सुयांना अगदी हलका विजेचा प्रवाह जोडतात. अण्णा पहिल्या दिवशी कुरकुरले, नंतर तिथेच घोरायला लागले.

फायदा झाला का? लक्ष टिकायला लागलं, सुट्टे पैसे पुन्हा नीट मोजू लागले. पण सुयांमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये पक्षाघातानंतरच्या ॲक्युपंक्चरचे ३१ प्रयोग, २२५७ रुग्ण, एकत्र तपासले. विचारशक्तीसकट काही बाबतींत फायदा होत असावा असं दिसलं, पण बहुतेक प्रयोग लहान आणि आखणीत कच्चे. शिवाय तुलनेसाठी काहींना नुसती नाटकाची सुई लावतात, पण सुई खरी की नाटकाची, हे टोचणाऱ्यापासून लपवणार कसं? उंदरांवरच्या प्रयोगांत मेंदूतली सूज कमी होणं, पेशींना जगवणारी प्रथिनं वाढणं दिसलंय. पण काकू उंदीर नाहीत.

आपल्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. बसू पुढे तिथेच ही विद्या शिकले आणि कोलकात्यात घेऊन आले. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये तिला मान्यता दिली. तेव्हा भोंदूगिरी म्हणून झटकू नकोस. पण ‘गोळ्या बंद करा, सुयांनीच बरं करतो’ म्हणणारा भेटला तर चप्पल घाल आणि निघ.

जायचंच ठरलं तर आधी न्यूरोलॉजिस्टला विचार. काकूंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती सुया टोचणाऱ्याला सांगायची. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. सुया नव्या, सीलबंद, एकदाच वापरायच्या. पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. आणि सुरू करण्याआधी अण्णांना घड्याळ काढायला लावलं ती तीस गुणांची स्मरण-लक्ष चाचणी करून घे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. आकडा हललाच नाही तर पैसे वाचव, त्यात स्पीच थेरपीच्या फेऱ्या वाढतील. रिक्षावाल्यालाच दोनशे जातात, वर बाकीचं.

चाचणीचे गुण कळले की फोन कर, रात्री नऊनंतर. आईने काकूंना नमस्कार सांगितलाय, आणि पुढच्या महिन्यात साताऱ्याला येताना मेतकूट आणते म्हणालीय.

तुझा,
नंदू