सूचना : वसंतातल्या फुलांचे कंद आणि अल्पाइन कुंड्या

इंग्लंडमधील सर्व बागप्रेमी सभासदांसाठी.

डॅफोडिल आणि क्रोकसचे कंद सप्टेंबरअखेरपर्यंत जमिनीत जायला हवेत. डॅफोडिलला मुळे धरायला वेळ लागतो, उशीर केला तर फुले कमी येतात. ट्यूलिपची मात्र घाई नको, ते नोव्हेंबरमध्येच लावा. माती थंड झाली की ट्यूलिपची पाने-फुले करपवणाऱ्या बुरशीचा धोका कमी होतो. करपलेले रोप दिसले तर कंदासकट उपटून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका.

कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, टोक वर, दोन कंदांत निदान दोन कंदांएवढे अंतर. क्रोकस खारी उकरतात, म्हणून वरून बारीक जाळी अंथरा आणि कोंब दिसताच जाळी काढा. फुले गेल्यावर पाने किमान सहा आठवडे कापू नका, गाठीही मारू नका. पुढच्या वर्षीचे फूल त्याच पानांच्या अन्नावर तयार होते.

अल्पाइन रोपे, म्हणजे उंच डोंगरांवरची बुटकी रोपे, थंडीने क्वचितच मरतात, हिवाळ्यातल्या ओलीने मरतात. पोयट्याची माती, पानांचे कुजलेले खत आणि भरड खडी समप्रमाणात घ्या. कुंडी विटांवर ठेवा. रोपाच्या गळ्याभोवती, म्हणजे खोड मातीला टेकते तिथे, दोन सेंटिमीटर खडी हवीच, तिथेच कूज सुरू होते. सेम्परव्हायव्हम आणि सॅक्सिफ्रागापासून सुरुवात करणे उत्तम.

कळकळीची विनंती : डॅफोडिलचे कंद विषारी असतात आणि हुबेहूब कांद्यासारखे दिसतात. ते स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नका. हायसिंथ या फुलझाडाचे कंद हाताळताना हातमोजे घाला, त्याने खाज सुटते.