एडविन लिंकशिवाय समुद्रयानाची गोष्ट अपुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मत्स्य ६०००’वरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची ही तीन माणसांची पाणबुडी, तिचा २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल, त्याची ८० मिलिमीटर जाडी, ६००० मीटरचे लक्ष्य, हे सगळे नीट मांडले आहे. चौकटीत फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो आहेत, खोल समुद्रात उतरणारे यान बांधणारे पिकार पितापुत्र आहेत. एक माणूस मात्र राहून गेला. माणसाला खोल समुद्रात नेण्याच्या भारताच्या या समुद्रयान मोहिमेच्या संदर्भात खरे तर तोच आधी यायला हवा होता, म्हणून हे पत्र.

एडविन लिंक, जन्म १९०४, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या यांच्यातच मुलगा मोठा झाला. विमान चालवण्याची हौस दांडगी, पण शिकणे महाग. तेव्हा त्याने कारखान्यातल्याच भात्यांवर विमानाची एक छोटी केबिन बसवली. दांडा फिरवला की भात्यांत हवा भरायची किंवा सुटायची आणि केबिन त्या बाजूला कलायची. हे १९२९ साल. सुरुवातीला करमणुकीच्या बागांपलीकडे त्या यंत्राला कोणी विचारले नाही. १९३४मध्ये हवाई टपालाचे काम अमेरिकी लष्कराच्या अंगावर पडले आणि धुक्यात, वादळात केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेले तरुण वैमानिक एकामागून एक दगावले. मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिक या ‘लिंक ट्रेनर’मध्ये बसून तयार झाले. चूक करायची ती जमिनीवरच करून घ्यायची, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्का होता.

एवढे नाव-पैसा मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. लिंक पन्नाशीच्या आसपास समुद्राकडे वळला. पत्नी मॅरियन पत्रकार होती, ती प्रत्येक मोहिमेत बरोबर. बुडालेल्या जहाजांच्या शोधासाठी त्याने ‘सी डायव्हर’ नावाचे जहाज खास बांधून घेतले आणि १९५९मध्ये ते जमैकातल्या पोर्ट रॉयलला नेले. या बंदराचा मोठा भाग ७ जून १६९२च्या भूकंपात काही मिनिटांत पाण्याखाली गेला होता. तिथल्या गाळातून पितळेचे एक खिशातले घड्याळ निघाले. काटे केव्हाच झिजून गेले होते, पण क्ष-किरणांखाली तबकडीवर त्यांच्या खुणा दिसल्या : बाराला सतरा मिनिटे कमी. अडीचशेहून अधिक वर्षांनी भूकंपाची वेळ मिनिटापर्यंत कळली.

या कामात त्याला एक अडचण सतत जाणवत होती. पाण्यात बुडी मारणारा पाणबुड्या खोल जातो, थोडा वेळ काम करतो आणि त्याच्या कित्येक पट वेळ हळूहळू वर येण्यात घालवतो. घाईने वर आला, तर दाबाखाली रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो किंवा मरतो. पण एका ठरावीक खोलीवर शरीर वायूने पूर्ण भरले की पुढे दोन दिवस राहा की दहा दिवस, वर येताना लागणारा वेळ तेवढाच. मग माणसाला खालीच राहू द्यावे आणि परत आणताना बंद दंडगोलात, त्याच दाबाखाली आणावे, असे लिंकने ठरवले. ऑगस्ट १९६२मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर व्हीलफ्रांशला ॲल्युमिनियमच्या अशा दंडगोलातून पहिल्यांदा कोण उतरले? ५८ वर्षांचा लिंक स्वतः. साठ फुटांवर आठ तास. त्यानंतरच सप्टेंबरमध्ये त्याने बेल्जियमच्या रॉबर्ट स्टेन्युई या तरुणाला दोनशे फुटांवर पाठवले. स्टेन्युई तिथे चोवीस तासांहून अधिक राहिला. कुस्तोंचे समुद्रतळावरचे पहिले घर यानंतर आठवड्याभराने पाण्यात उतरले, तेही दहा मीटरवर. दोन वर्षांनी स्टेन्युई आणि जॉन लिंडबर्ग हे दोघे बहामाजवळ ४३२ फुटांवर रबरी तंबूत ४९ तास राहिले. समुद्रातल्या तेलविहिरींवर आज जे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाखाली राहून काम करतात, त्यांची पद्धत या प्रयोगांतून पुढे आली.

आता ज्यासाठी हे लिहितो आहे, त्या भागाकडे येतो. १९७१मध्ये लिंकच्या कल्पनेतून ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी तयार झाली. पुढे ॲक्रिलिकचा पारदर्शक गोल, त्यात दोघे. मागे ॲल्युमिनियमचा वेगळा कप्पा, त्यात दोघे. १७ जून १९७३ला फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ, मुद्दाम बुडवलेल्या एका जुन्या विनाशिकेपाशी ठेवलेला माशांचा सापळा आणायला ती उतरली. काम किरकोळ, खोली जेमतेम ११० मीटर. विनाशिकेच्या तारांत पाणबुडी अडकली. नौदलाचे पाणबुडे आले, पण प्रवाहाने त्यांना जवळ पोहोचू दिले नाही. अखेर एका जहाजाने पाण्याखालचा कॅमेरा सोडून, आकडा अडकवून तिला वर ओढले. तोवर एका दिवसाहून अधिक काळ गेला होता. पुढचे दोघे जिवंत होते. मागचे दोघे गेले. त्यातला एक लिंकचा मुलगा क्लेटन, वय ३१.

मागचेच दोघे का गेले, हे प्रत्येक अभियंत्याने समजून घ्यावे. ॲक्रिलिकमधून उष्णता सहज जात नाही, ॲल्युमिनियममधून भराभर जाते. मागचा कप्पा समुद्राइतका गार पडला. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन थंडीत मंदावते, तसे ते मंदावले. अंगावर अर्धी चड्डी आणि टी-शर्ट असलेली ती माणसे प्राणवायूच्या टंचाईने नव्हे, त्या कार्बन डायऑक्साइडने गेली. बंदिस्त जागेतल्या हवेची धास्ती काय असते, हे जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी केलेला माणूस जाणतो. हा भाग मी आजही एका दमात वाचू शकत नाही.

लिंकने समुद्र सोडला नाही, मुलाच्या नावाने स्मारक बांधून तो थांबलाही नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसाशिवाय पोहोचणारे, दिवे आणि कॅमेरे असलेले, तारा कापणारे, जहाजावरून केबलने चालवायचे यंत्र त्याने तयार केले. १९८१मध्ये तो वारला. त्याच्या पाणबुड्या त्यानंतरही अनेक वर्षे काम करत राहिल्या. १९८६मध्ये ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचे अवशेष समुद्रतळावरून शोधायला त्यांची मदत झाली.

आपल्या लेखात ‘मत्स्य’ची आणीबाणीतली क्षमता ९६ तास दिली आहे. जून २०२३मध्ये टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला गेलेली ‘टायटन’ पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हाही वाहिन्या ९६ तासांचाच प्राणवायू मोजत होत्या. पाणबुडी त्याआधीच चिरडली गेली होती. म्हणून तासांचा हा आकडा छापून थांबू नये, अशी कळकळीची विनंती आहे. सहा हजार मीटरवर पाणी दोनेक अंश सेल्सिअस असते. टायटॅनियमचा गोल त्या थंडीत किती वेळात गार पडतो, आणि तितक्या थंडीत कार्बन डायऑक्साइड शोषण्याची यंत्रणा चौथ्या दिवशीही पुरेसे काम करते का, हे आपल्या प्रतिनिधीने संस्थेला विचारावे. आपल्या नौदलाकडे २०१८पासून सुटकेसाठीच्या पाणबुड्या आहेत, त्यातली एक मुंबईतच असते, पण ती ६५० मीटरपर्यंतच जाते. याच संस्थेकडे सहा हजार मीटरसाठी बनवलेले ‘रोसब’ हे मानवरहित यंत्र आहे. ‘मत्स्य’ माणसांसह खोल उतरेल त्या दिवशी ‘रोसब’ किंवा तसे दुसरे यंत्र, तारा कापणाऱ्या हातांसह, त्याच पाण्यात जहाजावर सज्ज असेल का? संस्थेने हे सगळे ठरवलेही असेल. तसे असेल तर ते उत्तर छापून यावे, कारण त्या गोलात बसणाऱ्या तिघांच्या घरीही वर्तमानपत्र जाते.

आपला,
एक निवृत्त सागरी अभियंता, रत्नागिरी