बियाणे उगवेल, पण क्षारांचे काय?

संपादक महोदय,

प्रक्रिया केलेले बियाणे पेरले की क्षारपड जमीन सुधारते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. माती परीक्षण प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे काढलेल्या मला याची काळजी वाटते, कारण यातले अर्धेच खरे आहे.

शर्कराकंद, म्हणजे साखरेचे बीट, हे क्षार सोसणारे पीक. मातीची विद्युत वाहकता, म्हणजे तिच्यातल्या क्षारांचे माप, ७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत गेली तरी त्याचे उत्पादन सहसा घटत नाही. पण उगवताना तेच पीक नाजूक असते. बी कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात भिजवून, मोड फुटण्याआधी सावलीत सुकवून पेरले तर ते लवकर आणि एकसारखे उगवते. ओल उडून वरच्या थरात क्षार साचेपर्यंत मूळ खाली पोचलेले असते. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, कमी पडतात. हा फायदा मी मुळीच कमी लेखत नाही.

जमिनीतले क्षार मात्र जागेवरच राहतात. कापणीबरोबर जाणारे क्षार जमिनीतल्या साठ्यापुढे किरकोळ. ते गोड्या पाण्यात विरघळून मुळांच्या खाली आणि चरातून शेताबाहेर जायला हवेत. निचरा नसेल तर भूजल वर येते आणि क्षारही परत वर येतात.

चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीचे दुखणे आणखी वेगळे. सामू (पीएच) ८.५ च्या वर, विनिमयक्षम (मातीच्या कणांना धरून बसलेला) सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. तिथे नुसते पाणी सोडले तर माती विस्कटून चिकट होते आणि पाणी मुरतच नाही. तिथे कॅल्शियम पुरवणारे जिप्सम लागते. मातीत चुनखडी असेल तर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीकही खरे काम करते: त्याच्या मुळांच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडी विरघळते, सुटलेले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पीक जमीन सुधारते, ते असे. तरीही सुटा झालेला सोडियम धुऊन काढायला निचरा लागतोच.

म्हणून विनंती अशी, की बियाण्याच्या पिशवीवर ते खारवट जमिनीसाठी की चोपण, किती वाहकतेपर्यंत तपासले आणि प्रक्रिया कोणत्या तारखेला केली, हे छापणे सक्तीचे करावे. भिजवून सुकवलेले बी फार काळ टिकत नाही, तेव्हा तारीख तर हवीच. आणि कृषी सल्लागारांनी माती तपासल्याशिवाय, चर कुठे काढता येईल ते पाहिल्याशिवाय, असे बियाणे जमीन सुधारण्याचा उपाय म्हणून सुचवू नये.

एक निवृत्त मृदा परीक्षक